लेकीला स्की रेसिंगच्या टीममध्ये पाठवू का? सल्ला हवाय

अनघा_कोथरूड
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, आणि घरात रोज रात्री जेवताना त्याच्यावरच चर्चा चालू आहे, म्हणून इथे मांडते.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, सहावीत. पाच वर्षांची असल्यापासून इनलाइन स्केटिंग करते. आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग रिंकवर. गेल्या जानेवारीत आम्ही गुलमर्गला गेलो, तेव्हा तिला आठवडाभराच्या स्कीइंगच्या कोर्सला घातलं. पहिल्या दिवशी सगळी मुलं दोन्ही स्कींची टोकं जवळ आणून, ब्रेक लावत उतरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही दोन्ही स्की समांतर ठेवून वळायला लागली. शेवटच्या दिवशी तिथल्या सरांनी उतारावर बांबू रोवून छोटी स्लालम, म्हणजे खांबांमधून नागमोडी उतरायची शर्यत, लावली. खाली आली तेव्हा तिला धाप लागली होती, गाल लाल झाले होते, आणि पहिलं वाक्य होतं, "आई, परत वर जाऊ?"

आता त्या सरांचा फोन आलाय. पुढच्या हिवाळ्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलांची अल्पाइन रेसिंगची, म्हणजे उतारावरच्या स्की शर्यतींची, टीम करताहेत. जानेवारी-फेब्रुवारीत सहा आठवडे तिथेच मुक्काम, सकाळी बर्फावर, दुपारी अभ्यास. पुण्यातून ही एकटीच असेल. बाकीची मुलं काश्मीर आणि हिमाचलची.

ती तर पिशवी भरून बसली आहे. नवरा म्हणतो जाऊ दे. मला मात्र झोप लागत नाही. शाळा, दुखापत, खर्च हे आहेच. शिवाय पुण्यात राहून या खेळात पुढे जाता येतं का, हेच कळत नाही. ज्यांना काही अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

पौड_फाटा
वाचतोय. विषयच वेगळा. मुलीचं कौतुक!

स्पष्टवक्ता
अनघाताई, राग मानू नका. पुण्यात बर्फ फक्त रसवंतीत. जो खेळ वर्षातले साडेदहा महिने घराजवळ खेळताच येत नाही, त्यात मूल घालणं म्हणजे त्याच्या वाट्याला निराशा लिहून ठेवणं. बालेवाडीला एवढं मोठं संकुल आहे. बॅडमिंटन, पोहणं, जिम्नॅस्टिक्स, हवं ते घ्या. रोज सराव होईल आणि मूल रात्री घरी जेवेल. स्कीइंग सुट्टीत जरूर करा, मजा म्हणून.

चक्रधर
स्पष्टवक्ता, तुमचा मुद्दा मला पटत नाही. कारण सांगतो.

मी पंधरा वर्षं मुलांना स्केटिंग शिकवतोय. इनलाइनवर वळताना मुलं जे करतात, म्हणजे बाहेरच्या पायावर भार, गुडघा आत, खांदे उताराकडे आणि नजर दोन कोन (प्लॅस्टिकचे शंकू) पुढे, तेच स्कीवर करायचं असतं. उतारावर गेट, म्हणजे ज्यांच्यामधून जायचं ते खांब, लावून चाकांवर खेळायची 'इनलाइन अल्पाइन' ही वेगळी स्पर्धाच आहे. युरोपातले कितीतरी स्की क्लब उन्हाळ्यात मुलांना चाकांवर उतरवतात. अनघाताईंची मुलगी दुसऱ्या दिवशी समांतर वळायला लागली, ती सहा वर्षांची पुण्याई आहे.

फरक एकच मोठा. चाक बाजूला घसरत नाही, स्की घसरते. घसरणं ताब्यात ठेवून कडेवर, म्हणजे 'एज'वर, उभं राहणं हे बर्फावरच शिकावं लागतं. त्यासाठी ते सहा आठवडे हवेतच. उरलेल्या वर्षाचं काम मात्र पुण्यात होऊ शकतं.

टेकडीप्रेमी
चक्रधर +१. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वतीच्या पायऱ्या, शनिवारी सिंहगड. मांड्या लोखंडाच्या होतील.

एक सांगतो, चढण्यापेक्षा उतरणं महत्त्वाचं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि स्की वळवताना नेमकं तेच होतं. पायथ्यापासून वर बसने जावं आणि चालत खाली यावं, असं सांगणारा मी पुण्यातला एकटाच ट्रेकर असेन.

विदुला_आज्जी
मल्लखांब विसरलात का रे सगळे? आमच्या वेळी मुलगी पडायला शिकली की मगच तिला वर चढू देत. अंग कसं सोडायचं, मान कशी सांभाळायची, हे दोरीच्या मल्लखांबावर जसं कळतं तसं कुठे कळत नाही. अनघा, हिला आठवड्यातून दोनदा तिथे पाठव. आणि स्वेटरची चिंता करू नकोस, माप कळव.

अनघा_कोथरूड
आज्जी, डोळ्यांत पाणी आलं. माप व्यनि करते.

जुना_फौजी
धागा पाहून राहवलं नाही. मी १९८६ साली गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्की शिकलो. गंडोला, म्हणजे वर नेणारी केबल कार, तेव्हा नव्हता, त्याचा पहिला टप्पा १९९८ साली सुरू झाला. सुरुवातीचे तीन दिवस आम्हाला खाली घसरूच दिलं नाही. स्की पायात घालून आडव्या पावलांनी वर चढायचं, मग स्कीची टोकं फाकवून बदकासारखं चढायचं. संध्याकाळी जेवणाचं ताट हातात धरवत नसे. पण चौथ्या दिवशी जेव्हा उतारावर सोडलं, तेव्हा पायाखालचा बर्फ ओळखीचा झाला होता.

या खेळाचा भारतातला इतिहास फार थोड्यांना माहीत असतो. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून पहिल्यांदा उतरले ते जेरेमी बुजाकोव्स्की, पोलिश वंशाचे. १९६४ ला इन्सब्रुक आणि १९६८ ला ग्रेनोबल. १९८८ ला कॅलगरीत शैलजा कुमार उतरल्या. हिवाळी ऑलिंपिकमधली पहिली भारतीय स्त्री. स्लालममध्ये त्या अठ्ठाविसाव्या आल्या. त्या काळात एका मुलीनं तिथपर्यंत जाणं काय असेल, विचार करा. तुमच्या लेकीला हे नाव सांगा.

मीनल_औंध
काका, सुंदर प्रतिसाद. त्यात आणखी एक नाव घाला: आंचल ठाकूर. मनालीजवळच्या बुरुआ गावची. जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्लालमला ब्राँझ. आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. माझ्या मुलीनं तिचा फोटो कपाटावर लावलाय, आणि ती स्कीइंग करत नाही, कथक करते!

स्पष्टवक्ता
आंचल ठाकूरचं घर बर्फात आहे, मीनल. वडीलही याच खेळातले. माझा मुद्दा तोच आहे.

पौड_फाटा
पण बर्फ नसलेल्या देशांचेही खेळाडू आहेत की. ब्राझीलकडून तो ब्राथेन खेळतो, डिसेंबर २०२४ मध्ये बीव्हर क्रीकच्या विश्वचषक शर्यतीत दुसरा आला.

ओस्लोकर_मी
पौड_फाटा, तो वाढला नॉर्वेत. आई ब्राझीलची. आधी नॉर्वेकडूनच खेळायचा. त्यामुळे ते उदाहरण इथे चालणार नाही.

मूळ प्रश्नावर सविस्तर लिहितो. माझा मुलगा इथल्या गल्लीतल्या क्लबात आठव्या वर्षापासून रेसिंग करतो. आता तेरा वर्षांचा आहे.

इथे नॉर्वेत मुलांच्या खेळाचे देशभर लागू असलेले नियम आहेत. अकरावं वर्ष लागेपर्यंत निकालाची क्रमवारी लावत नाहीत. राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे तेरापासून पुढे. लहान मुलं गेटमधून उतरतात, टाळ्या होतात, गरम चॉकलेट मिळतं, संपलं. आणि याच देशातून इतके विजेते निघतात. म्हणून अनघा, त्या सरांना पहिला प्रश्न हा विचारा: सहा आठवड्यांत गेटमध्ये किती वेळ आणि मोकळ्या उतारावर किती वेळ? बारा वर्षांच्या आतल्या मुलांना सतत गेटमध्येच उतरवत असतील तर माझ्या मते ती टीम घाईत आहे. या वयात खड्डे, मऊ बर्फ, कडक बर्फ, एका पायावर उतरणं, छोट्या उड्या, हे सगळं पाहिजे. गेट नंतर येतंच.

दुसरं, टीम म्हणजे काय ते इथे राहून कळलं. शर्यत एकट्याची असते, पण स्पर्धेच्या दिवशी सकाळी शर्यतीचा मार्ग उखडू नये म्हणून सगळी मुलं मिळून कडेकडेनं घसरत उतार सपाट करतात. आईबाप गेटवर उभं राहून कोण चुकलं ते लिहितात, वेळ नोंदवतात, आणि रात्री तळघरात इस्त्री घेऊन स्कीला मेण लावतात. श्रमदानाला इथे 'डुग्नाड' म्हणतात. गणपतीच्या मंडळात वाढलेल्या माणसाला हे सगळं फार लवकर जमलं.

अनघा_कोथरूड
ओस्लोकर, हा प्रश्न मला सुचलाच नसता. लिहून घेतला. आणखी काय विचारू?

ओस्लोकर_मी
एका प्रशिक्षकामागे किती मुलं. शेवटची फेरी कोण ठरवतं, मुलं की घड्याळ. पडलेल्या मुलाला खाली कोण आणतं. आणि घरून रोज फोन करता येईल का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

फिजिओ_सहकारनगर
दुखापतीबद्दल लिहिते, कारण अनघानं विचारलंय आणि अजून त्यावर कोणी नीट बोललेलं नाही.

स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त त्रास गुडघ्याला होतो, विशेषतः पुढच्या आडव्या अस्थिबंधाला, ज्याला सगळे एसीएल म्हणतात. पाय बुटात घट्ट, बूट स्कीला घट्ट, आणि स्की ही लांब तरफ. स्की एकीकडे वळली आणि शरीर दुसरीकडे गेलं की पीळ गुडघ्यात उतरतो. म्हणून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, योग्य वेळी सुटणं फार गरजेचं असतं. ते किती जोरावर सुटावं याचा आकडा मुलाचं वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यावरून ठरतो. सहा आठवड्यांत मूल वाढलं किंवा बूट बदलला तर तो पुन्हा तपासायचा. मोठ्या मुलाची स्की "आजच्या दिवस वापर" म्हणून कधीही घालायची नाही.

हेल्मेट नवीन घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतून गेलेलं असतं, त्यामुळे कुणाचं जुनं नको. जायंट स्लालमला, म्हणजे गेट लांब लांब असलेल्या जास्त वेगाच्या शर्यतीला, कान झाकणारं कडक हेल्मेट लागतं, मऊ कानाचं फक्त स्लालमला चालतं. पाठीचं संरक्षक कवच. स्लालमला नडगीचे गार्ड, हनुवटीचं गार्ड आणि काठ्यांवर मुठीचं गार्ड, कारण गेट अंगानं आडवं पाडत जावं लागतं.

आणखी एक. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, गुलमर्ग २६५० वर, आणि गंडोलाचं अफरवाट डोंगरावरचं वरचं स्टेशन ३९०० च्याही वर. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखणं, भूक न लागणं होऊ शकतं. पोचल्या दिवशी स्की पायात घालू नका. पाणी भरपूर. आणि माझ्याकडे आलेल्या बहुतेक स्की-दुखापती दुपारच्या, "अजून एकच फेरी"च्या आहेत.

टेकडीप्रेमी
हिमस्खलनाचं काय? फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४, दोन्ही वेळा गुलमर्गला परदेशी स्कीपटू दगावल्याच्या बातम्या होत्या.

जुना_फौजी
ते अपघात आखलेल्या उताराच्या बाहेरचे, डोंगराच्या मोकळ्या अंगावरचे. रेसिंगचा सराव दाबून घट्ट केलेल्या, गस्त असलेल्या उतारावर होतो. पण मुलांना पहिल्याच दिवशी बजावून सांगायचं: दोरीपलीकडे ताजा बर्फ कितीही सुंदर दिसला तरी जायचं नाही. हा नियम मोडणाऱ्याला टीमनं घरी पाठवलं पाहिजे. तसा नियम आहे का, तेही विचारा ताई.

बर्फाळ_आठवण
मी हे लिहू की नको असा विचार करत होते. आमचा मुलगा दोन हंगाम अशाच एका टीमबरोबर होता. नाव आणि जागा लिहीत नाही.

पहिलं वर्ष स्वर्ग. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षक बदलले. मुलांना न सांगता स्पर्धेसाठी यादी लागली. ज्याचं नाव नव्हतं त्यानं दिवसभर खाली उभं राहून इतरांची जॅकेटं सांभाळायची. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. फोनवर काही बोलायचा नाही, नुसता "बरंय" म्हणायचा. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी एकदा भांडी घासताना मला म्हणाला, "मी हळू आहे म्हणून नाही घेतलं ना?" तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. त्यानं नंतर स्की घातली नाही.

मी खेळाला दोष देत नाही. वरून खाली येताना त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. पण पोर दोन हजार किलोमीटरवर असताना त्याच्या आवाजातला फरक ओळखायला आपण कमी पडलो, असं वाटतं. अनघा, पहिल्या वर्षी तुमच्यापैकी एक जण तिथे राहा. निदान पहिले दोन आठवडे.

विदुला_आज्जी
अगं, तू कमी पडली नाहीस. बारा वर्षांची पोरं अशीच असतात. तो बोलला, तुझ्याशीच बोलला.

ओस्लोकर_मी
बर्फाळ_आठवण, मनापासून आभार. निवड कशी होते ते मुलांना आधी स्पष्ट सांगायला हवं. स्लालममध्ये दोन फेऱ्यांच्या वेळा मिळवून निकाल लागतो, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. खेळ इतका स्वच्छ मोजता येतो, तर निवडीत झाकपाक कशाला?

स्पष्टवक्ता
बर्फाळ_आठवण यांचा प्रतिसाद वाचून गप्प झालो. माझं मत मूळचं तेच आहे, पण सूर चुकला असेल तर माफ करा.

सदाशिव_पेठ_ते_सोलंग
शाळेवर कोणी लिहिलं नाही. हंगाम जानेवारी ते मार्च, आणि आपल्याकडे नेमक्या तेव्हा परीक्षा. सहावी-सातवीत शाळा समजून घेते. नववी-दहावीत अवघड होतं, कारण बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच. माझ्या भाचीनं दहावीच्या वर्षी हिवाळा सोडला आणि मेमध्ये ऑस्ट्रियात हिंटरटुक्सच्या हिमनदीवर तीन आठवडे काढले. तिथे वर्षभर स्कीइंग चालतं. खर्च जड गेला, सगळ्या नातेवाइकांनी वाटून घेतला. दक्षिण गोलार्धात, न्यूझीलंडला वगैरे, हंगाम जून ते सप्टेंबर. म्हणजे ऐन शाळेच्या दिवसांत. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीशी जुळणारी जागा हिमनदीच. दुबईच्या मॉलमधला उतारही आहे, सर्वांत लांब ४०० मीटरचा. तंत्र पक्कं करायला चार दिवस ठीक.

क्रीडा गुणांची सवलत दहावी-बारावीला असते. कुठला खेळ आणि कुठल्या पातळीची स्पर्धा धरतात ते शाळेत आधीच विचारून ठेवा.

आणि बर्फाचाही भरवसा राहिलेला नाही. औलीला बर्फच नाही म्हणून स्पर्धा रद्द झाल्यात. २०२५ मध्ये गुलमर्गचा खेलो इंडियाचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलला, तोही बर्फ कमी म्हणून. तारखा बदलल्या तर तिकिटं आणि शाळेची रजा दोन्ही बदलता येतील अशी सोय ठेवा.

पौड_फाटा
पुढे जायचं म्हणजे नेमकं कुठे, हे कोणी सांगेल का? वाट कशी असते?

सदाशिव_पेठ_ते_सोलंग
थोडक्यात: आधी राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा, खेलो इंडिया वगैरे. तिथे बर्फावरच्या स्केटिंगमध्ये महाराष्ट्राला पदकं मिळतात, स्कीइंगमध्ये डोंगराळ राज्यं आणि सेनादल पुढे. ज्या वर्षी सोळा पूर्ण होतात त्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे 'फिस'च्या, शर्यती. तिथे नाव राष्ट्रीय महासंघामार्फतच जातं, खेळाडूला परस्पर देता येत नाही. मिळतात ते फिस गुण, आणि ते जितके कमी तितके चांगले. हे ऐकून माझी आई म्हणाली होती, "मग शून्य मिळाले तर बरंच की!" आणि ते अगदी बरोबर आहे.

जुना_फौजी
आरिफ खानची शर्यत आठवा. १३ फेब्रुवारी २०२२, बीजिंग ऑलिंपिक, जायंट स्लालम. भारताचा त्या स्पर्धेतला एकुलता एक खेळाडू, गुलमर्गचा पोरगा. इतका बर्फ पडत होता की पुढचं गेट दिसेना. जवळजवळ निम्मे स्पर्धक शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. हा दोन्ही फेऱ्या पूर्ण करून ४५ वा आला. तीन दिवसांनी स्लालममध्ये पहिल्याच फेरीत गेट चुकलं आणि शर्यत संपली. एकाच आठवड्यात दोन्ही. टीव्हीसमोर मी उभा होतो.

सदाशिव_पेठ_ते_सोलंग
काका, त्यावरून आठवलं. भाचीची पहिली स्लालम, वय बारा. सातव्या गेटला चुकली. स्लालममध्ये चुकलेल्या गेटपर्यंत परत चढून जायची मुभा असते, मागच्याला अडथळा होत नसेल तर. तर ही पोरगी काका म्हणाले तशी आडव्या पावलांनी चढत गेली, गेट घेतलं आणि खाली आली. शेवटून पहिली. खाली टीममधल्या सगळ्या मुली काठ्या आपटत उभ्या होत्या. त्या दिवशी बक्षीस कोणाला मिळालं ते आमच्या घरात कोणालाच आठवत नाही.

मीनल_औंध
हे वाचून अंगावर काटा आला.

अनघा_कोथरूड
मंडळी, आठवडाभरानं येतेय. सगळं वाचलं, काही प्रतिसाद नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवले. बर्फाळ_आठवण यांचा आणि सोलंगकरांच्या भाचीचा लेकीलाही.

सरांशी तासभर बोलले. गेटमध्ये दिवसाला एकच तास, बाकी मोकळा उतार. आठ मुलांमागे एक प्रशिक्षक. रोज संध्याकाळी फोन. दोरीपलीकडे गेलेल्या मुलाला परत पाठवतात. निवडीबद्दल विचारलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, पहिल्या वर्षी निवड नाहीच, सगळी मुलं सगळ्या शर्यतीत उतरतील. मी ते लेखी मागितलं, त्यांनी पाठवलं.

शाळेनं चार आठवड्यांची रजा दिली, सहाची नाही. म्हणून चारच आठवडे जाणार. पहिले दोन मी तिच्याबरोबर राहीन. त्यानंतर तिची तीच ठरवेल. हंगाम संपल्यावर पुढचं वर्ष करायचं की नाही, हे तिनं सांगायचं आणि आम्ही ऐकायचं, असं तिघांनी मिळून ठरवलंय. मल्लखांब सोमवारपासून सुरू. स्पष्टवक्ता, तुमची शंका अजून माझ्या मनात आहे, पण आता झोप लागते.

एक शेवटची मदत: बूट वाढत्या मापाचे घ्यावेत का? आणि पुण्यात कोणाकडे वापरलेले मुलांचे बूट आहेत का? तिचं पाऊल साडेबावीस सेंटिमीटर आहे.

फिजिओ_सहकारनगर
वाढत्या मापाचे अजिबात नको! गणवेश वाढत्या मापाचा चालतो, स्की बूट नाही. आतला मऊ मोजा काढा, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा, टाचेमागे एक ते दीड बोट मावलं पाहिजे. जास्त नको.

बर्फाळ_आठवण
अनघा, मुलाच्या पहिल्या हंगामाचे बूट माझ्याकडे आहेत. २३ मापाचे. माळ्यावर होते, काल रात्री काढले आणि पुसले. त्याला विचारलं देऊ का, तर म्हणाला, मीच देतो, बकल कशी लावायची ते तिला दाखवायला लागेल. रविवारी सकाळी घरी आहोत. पत्ता व्यनि करते.